नक्षी बघू नका, टायर वाचा!

गाडीला महागातले टायर टाकले की आपलं काम संपलं, असं वाटतं. पण ते सुलट बसलेत का, हे किती जण बघतात? विक्रोळीतल्या एका टायरच्या दुकानात मिळालेला हा धडा कारवाल्यांसाठी आहे, आणि बाइकवाल्यांसाठी तर जास्तच.

"तुझे डावीकडचे दोन्ही टायर उलटे बसवलेत रे!"

रविवारी सकाळी कन्नमवार नगरमध्ये आमच्या बिल्डिंगखाली दादाच्या मित्राने हे वाक्य टाकलं आणि दादाचा चेहरा खाडकन उतरला. आदल्याच दिवशी त्याने त्याच्या सेकंडहँड पोलोला चार नवेकोरे परफॉर्मन्स टायर टाकले होते. वर्षभर त्यासाठी पैसे साठवले होते. कारण एकच, गणपती. आम्ही कोकणातले. गणपतीला आजी, मम्मी, पप्पा, दादा आणि मी असे पाच जण गाडीने गावी जाणार होतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि भर पाऊस! जुने टायर पार गोटा झाले होते. "या वेळी टायरमध्ये कंजूषी नाही," असं दादाने जाहीर केलं होतं.

आणि आता हे.

आम्ही सगळे गाडीभोवती उकिडवे बसलो. मित्राचं म्हणणं डोळ्यांना तरी पटत होतं. उजवीकडच्या टायरवरच्या तिरक्या खाचा पुढे झुकलेल्या दिसत होत्या. डावीकडे जाऊन बघितलं तर त्याच खाचा मागे झुकलेल्या. म्हणजे एक बाजू पुढे धावतेय आणि दुसरी मागे! वॉचमनकाकांनीही मान हलवली. "चुकलंच ते." झालं, निकाल लागला. दादाने चावी उचलली आणि भांडायच्या तयारीने थेट दुकान गाठायला निघाला. मी माझी बाइक काढली आणि मागोमाग गेले. एक तर भांडण बघायला मिळणार होतं, आणि दुसरं म्हणजे इंटर्नशिपमध्ये "काहीतरी वेगळा विषय आण" असं रोज ऐकून कान किटले होते.

भांडण झालंच नाही

दुकान लाल बहादूर शास्त्री मार्गावर, कांजूरमार्गच्या बाजूला. बाहेर टायरची उतरंड, आत टायर काढण्याचं मशीन, कॉम्प्रेसरचा आवाज आणि रेडिओवर जुनी गाणी. दुकानातले काका पन्नाशीचे. दादाने गाडीतून उतरता उतरताच सुरुवात केली. "काका, डावीकडचे दोन्ही टायर उलटे टाकलेत तुम्ही!"

काकांनी हातातलं काम थांबवलं नाही. ते झाल्यावर हात पुसले, खडूचा तुकडा घेतला आणि दादाच्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाजवळ बसले. टायरच्या बाजूवर, म्हणजे जिथे कंपनीचं नाव असतं तिथे, त्यांनी खडू घासला. काळ्यावर काळी असलेली अक्षरं पांढरी होऊन वर आली. इंग्रजीत लिहिलं होतं, 'आउटसाइड'. मग ते उजवीकडे गेले. तिथेही खडू घासला. तिथेही 'आउटसाइड'. चारही चाकांवर बाहेरच्या बाजूला तोच शब्द.

"दादा, नक्षी नका बघू. लिहिलंय ते वाचा. या टायरला आत-बाहेर असतं, पुढे-मागे नसतं. बरोबर बसलेत."

दादा गप्प. मी गालातल्या गालात हसत होते. (ते हसू फार वेळ टिकलं नाही. ते पुढे येईलच.)

काकांनी मग चहा मागवला आणि आम्हाला जे सांगितलं, ते नंतर घरी येऊन मी नीट तपासलं. बाइक दिवसातून दोन वेळा पुसणारे आणि गाडीचं मायलेज दशांश चिन्हापर्यंत पाठ असणारे माझे बहुतेक मित्र यातलं काहीच जाणत नव्हते. मीही नव्हते.

टायर तीन प्रकारचे

पहिला प्रकार सरळसाधा. डाव्या-उजव्या अर्ध्या भागाची नक्षी सारखीच, कशीही फिरवली तरी फरक नाही. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅक गाड्यांना बऱ्याचदा असेच टायर येतात. हा टायर कुठल्याही चाकावर, कसाही बसवा. उलटसुलट हा प्रश्नच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे दिशेचा टायर. याच्या खाचा मधून निघून दोन्ही कडांकडे जातात, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या. हा टायर म्हणजे वन-वे. त्याच्या बाजूवर 'रोटेशन' असं लिहून बाण काढलेला असतो, आणि गाडी पुढे जाताना चाक त्या बाणाच्या दिशेनेच फिरायला हवं. डावीकडचा टायर रिमसकट उचलून उजवीकडे लावला, तर बाण उलटा होतो.

तिसरा प्रकार दादाच्या टायरचा. याच्या रुंदीचा अर्धा भाग वेगळा आणि उरलेला अर्धा वेगळा. कापडाला जशी सुलट आणि उलट बाजू असते, तसं. गाडीच्या बाहेरच्या अंगाला मोठे, भरीव ठोकळे असतात, कारण वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या कडेवर येतं आणि तिथे रबर लवलवून चालत नाही. आतल्या अंगाला खाचा जास्त, कारण तिथून पाणी बाहेर काढायचं असतं. म्हणून एका बाजूवर 'आउटसाइड' आणि दुसरीवर 'इनसाइड' लिहिलेलं असतं. 'आउटसाइड' बाहेर आलं की झालं. फिरण्याची दिशा कुठलीही चालते.

आता दादाच्या मित्राची चूक कुठे झाली, ते बघा. चारही टायर एकाच साच्यातले. उजवीकडे बसवलेला टायर तसाच गोल फिरवून डावीकडे नेला, 'आउटसाइड' बाहेरच ठेवलं, तर त्याच्या तिरक्या खाचा उलट्या दिशेला झुकणारच. ते तसंच असायला हवं. दोन्ही बाजूंची नक्षी आरशातल्यासारखी दिसावी म्हणून एका बाजूचा टायर पलटवला असता, तर 'इनसाइड' बाहेर आलं असतं आणि तेव्हा खरी चूक झाली असती. म्हणजे डोळ्यांना जे बरोबर दिसतं, ते इथे चूक. आणि जे चूक दिसतं, ते बरोबर!

काही मोजके टायर एकाच वेळी दोन्ही असतात. त्यांना दिशाही असते आणि आत-बाहेरही असतं. ते चपलेसारखे, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. रस्त्यावरच्या गाड्यांना असे टायर क्वचितच दिसतात.

खाचा पकडीसाठी नसतात

इथे एक गैरसमज खोडून टाकू. आपल्याला वाटतं, टायरवर जेवढी जास्त नक्षी तेवढी पकड जास्त. कोरड्या डांबरावर ते खरं नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर ज्या टायरवर धावतात, त्यांवर एकही खाच नसते. सपाट रबर. जितकं रबर रस्त्याला टेकेल, तितकी पकड.

मग खाचा कशासाठी? पाण्यासाठी. पाऊस सुरू झाला की त्याच गाड्या खोल खाचांचे टायर लावतात. पिरेली कंपनीच्या आकड्यांनुसार फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. एक टायर, एका सेकंदात, चार-पाच बादल्या पाणी!

खाचांनी हे काम केलं नाही तर काय होतं? चाकासमोर पाण्याची पाचर तयार होते, टायर रस्त्यावरून उचलला जातो आणि गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगते. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, काहीही होत नाही. चाकाखाली रस्ताच नसतो. १९६३ मध्ये अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्रातल्या अभ्यासकांनी ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांसाठी या प्रकाराचं एक सोपं गणित मांडलं. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा. जो आकडा येईल, त्या ताशी मैलांच्या आसपास टायर तरंगायला लागतो. ३२ पीएसआय हवा असेल तर हा वेग येतो ताशी साधारण ९४ किलोमीटर. हवा २५ वर आली असेल तर ८३. टायरच्या खाचांत मावणार नाही इतकं पाणी साचलेलं असताना हे गणित लागू पडतं, म्हणजे गोटा टायरला तर थोडक्या पाण्यातही.

आता मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर सपाट भागात कारला ताशी १०० ची मुभा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. जोरदार सरीत त्याच वेगाने जाणाऱ्या, कमी हवेच्या आणि घासलेल्या टायरच्या गाडीत बसलेल्यांनी हा हिशोब स्वतःच करून बघावा.

दिशेच्या टायरचा 'व्ही' इथेच कामाला येतो. टायर सुलट फिरत असेल तर 'व्ही'चं टोक आधी रस्त्याला टेकतं आणि पाणी मधून दोन्ही कडांकडे ढकललं जातं. बोटीचं टोक पाणी कापतं, तसं. टायर उलटा बसवला की हेच पाणी कडांकडून मध्यभागी ओढलं जातं. ज्या खाचा पाणी बाहेर काढायला बनवल्या, त्याच ते आत घेतात. मग कमी वेगातही तरंगण्याचा धोका येतो. कोरड्या रस्त्यावर मात्र फारसं काही जाणवत नाही. थोडा आवाज वाढतो, टायर असमान झिजतो, बस्स. म्हणूनच ही चूक उन्हाळ्यात कळतच नाही. ती कळते जुलैमध्ये, पूर्व द्रुतगती मार्गावर, समोर पाणी साचलेलं असताना.

'मागे मम्मी होती'

चहा संपला. दादाचा मूड परत आला होता. काका मला म्हणाले, "ताई, ती बाइक तुमची का?"

"हो, का?"

"पुढचा टायर उलटा आहे."

मला वाटलं, आता माझी फिरकी घेतायत. मी जाऊन बघितलं. बाइक दादाचीच जुनी, १५० सीसी. मे महिन्यात पुढच्या चाकाला नवा टायर टाकला होता, दुसरीकडे. कुठे ते जाऊ द्या. माणूस घाईत होता आणि मी शेजारी उभी राहून रील्स बघत होते. काकांनी इथेही खडू घासला. बाण उमटला. त्याचं टोक सरळ माझ्या बाइकच्या मागच्या दिवा असलेल्या बाजूला.

"बाण खाली असेल तर तो मागेच दाखवणार," मी बाजू मांडून बघितली. हे खरंही आहे. चाकाचा खालचा भाग मागे जात असतो आणि वरचा पुढे, त्यामुळे बाण वर आणूनच बघायचा असतो. काकांनी बाइक मेन स्टँडवर लावून चाक फिरवलं, बाण वर आणला. तरीही मागेच.

आणि मग मला जूनमधली ती संध्याकाळ आठवली. पहिला मोठा पाऊस. मम्मीला मागे बसवून स्टेशनकडून येत होते. समोर रिक्षा अचानक थांबली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सटकलं. पाय टेकवून कशीबशी सावरले. मम्मीची पिशवी रस्त्यावर, भाजी चिखलात. मम्मी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. "रस्ताच घाणेरडा होता," असं मी तेव्हा सगळ्यांना पटवलं होतं. ते टायरमुळेच झालं, असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. रस्त्यावर ऑइलही असेल, ब्रेकही मी जोरातच दाबला असेल. पण तीन महिने मी पावसात उलट्या टायरवर फिरले, त्यावर दोनदा मागे मम्मी होती, आणि बाण डोळ्यांसमोर असून मी एकदाही वाचला नव्हता. दादावर हसणारी मीच!

बाइकचं कोडं वेगळं

बाइकच्या टायरचं प्रकरण कारपेक्षा थोडं वेगळं आहे. बाइकचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, तो पाणी सहज कापतो. त्यामुळे पाण्यावर तरंगण्याचा धोका कारइतका नसतो. मग बाण कशाला?

एक कारण टायर कसा बनतो यात आहे. रस्त्याला टेकणारं रबर ही मुळात एक लांब पट्टी. ती गोल गुंडाळून तिची दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर जोडतात. रस्त्याचा जोर त्या जोडाला दाबेल, उकलणार नाही, अशी दिशा ठेवायची असते. आता गंमत बघा. मागच्या चाकावर सगळ्यात जास्त जोर येतो तो गाडी पळवताना. पुढच्या चाकावर तो येतो ब्रेक मारताना. हे दोन जोर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने असतात. म्हणून पुढच्या टायरची नक्षी कित्येकदा मागच्या टायरच्या बरोबर उलटी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं एक टायर चुकलाय! जे टायर पुढे-मागे दोन्हीकडे चालतात, त्यांच्यातल्या काहींवर दोन बाण असतात. 'फ्रंट'चा एका दिशेला, 'रिअर'चा दुसऱ्या दिशेला.

म्हणजे इथेही तोच धडा. नक्षीवरून ठरवायला गेलात तर फसाल. बाण शोधा, वाचा.

आणखी एक. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर अख्खं चाक उलटं लावताच येत नाही, डिस्क एकाच बाजूला असते. त्यामुळे बाण उलटा दिसला, तर टायर रिमवरून काढून पलटवूनच बसवावा लागतो. माझ्या बाइकचा तसाच बसवला. काकांनी कामाला सुरुवात केली, तेव्हा या वेळी मोबाइल खिशात होता.

रेसिंग ट्रॅकवरून कन्नमवार नगरात

हे 'आउटसाइड' आणि बाण आले कुठून? आत-बाहेर वेगळी नक्षी असलेला पहिला कार टायर फ्रान्सच्या मिशेलिनने १९६५ मध्ये आणला, नाव एक्सएएस. दिशेचा टायर गाजला तो अमेरिकेत १९८४ च्या कॉर्व्हेटबरोबर. गुडइयरने या स्पोर्ट्स कारसाठी फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून बेतलेली नक्षी दिली. ती मगरीच्या पाठीसारखी दिसायची म्हणून लोक त्याला 'गेटरबॅक' म्हणायचे. १९८७ मध्ये फेरारी एफ४० बरोबर पिरेलीचा पी झिरो आला आणि परफॉर्मन्स टायर हे पोस्टरवर लावायचं प्रकरण झालं. पुढे पिरेलीने एकाच गाडीला पुढे दिशेचे आणि मागे आत-बाहेरवाले टायर अशी जोडीही विकली. विचार करा, त्या गाडीचा टायर बदलणाऱ्याला किती वाचावं लागत असेल!

आज हेच तंत्र चाकणला बनलेल्या पोलोच्या चाकावर बसून कन्नमवार नगरात येतं. पण सोबत ती वाचायची सवय आलेली नाही.

आणि गंमत म्हणजे आपण टायरच्या शेजारीच राहतो. विक्रोळीहून ठाण्याकडे जाणारी स्लो लोकल पकडा. कांजूरमार्ग, मग भांडुप. तिथे सिएटचा टायर कारखाना आहे. कंपनी मूळची इटलीतल्या तुरीन शहरातली, १९२४ ची. सिएट हे इटालियन नावाचं लघुरूप आणि त्याचा अर्थ साधारण 'विजेच्या केबल आणि तत्सम वस्तू, तुरीन' असा. म्हणजे टायर कंपनीच्या नावात टायर नाहीच! भारतात ती १९५८ मध्ये आली आणि १९८२ पासून आरपीजी समूहाकडे आहे. मी लहानपणापासून या पट्ट्यात राहते, पण टायरवर वाचण्यासारखं काही असतं, हे मला २२ व्या वर्षी कळलं.

कॉलेजात रेसिंग टीम असेल तर तिथल्या मित्रांना जरूर गाठा. विद्याविहारच्या सोमय्याची ओरायन रेसिंग इंडिया असो किंवा पवईच्या आयआयटीची टीम, स्पर्धेसाठी स्वतः रेसिंग कार बांधणाऱ्या पोरांना टायर म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. गाडीत इंजिन कितीही भारी असो, रस्त्याला टेकतात ते चारच तुकडे, प्रत्येकी साधारण तळहाताएवढे.

चूक कोणाची?

"लोक टायरवाल्याला शिव्या देतात," काका म्हणाले. "पण टायर बसवताना कोणी शेजारी उभं राहत नाही. आणि घरी गेल्यावर कोणी बघत नाही."

दुकानात चूक कशी होते, हे मी मशीनजवळ उभी राहून बघितलं. चार रिम, चार टायर. दिशेचे टायर असतील तर दोन रिम डाव्या बाजूच्या आणि दोन उजव्या बाजूच्या म्हणून बसवावे लागतात. गर्दीत चारही एकाच पद्धतीने बसवले, की दोन चाकं उलटी. किंवा टायर बरोबर बसलेत, पण गाडीला लावताना डावं चाक उजवीकडे गेलं. दोन्ही चुका बाहेरून सारख्याच दिसतात, पण उपाय वेगळा. चाकांचीच अदलाबदल झाली असेल तर जॅक लावून ती परत बदलायची, दहा मिनिटांचं काम. टायरच रिमवर उलटा असेल तर तो काढून, पलटवून, पुन्हा बॅलन्सिंग करावं लागतं. आत-बाहेरवाला टायर पलटला असेल तर हाच एक उपाय.

स्टेपनीचंही तसंच. दिशेची स्टेपनी गाडीच्या एकाच बाजूला सुलट बसते. रस्त्यात दुसऱ्या बाजूचा टायर पंक्चर झाला तर ती लावून हळू जवळच्या दुकानापर्यंत जायला हरकत नाही. पण तीच लावून आठवडाभर पावसात फिरू नका.

आम्ही गणपतीला गेलो. कशेडीच्या अलीकडे असा पाऊस लागला की वायपर पूर्ण वेगात असूनही समोरचं दिसेना. दादाने वेग एकदम कमी केला. चांगले टायर म्हणजे वेगाचा परवाना नव्हे, हे एव्हाना त्यालाही कळलं होतं. आजी मागे शांत झोपली होती. आणि एरवी मुलींच्या डीपी झूम करून बघणारा माझा दादा हल्ली पेट्रोल पंपावर रांगेत उभ्या गाड्यांचे टायर वाचत असतो. परवा एका अनोळखी माणसाला थांबवून म्हणाला, "साहेब, तुमचा बाण उलटाय."

त्या माणसाने आधी वैतागून बघितलं. मग खाली वाकला.

चौकट : पाच मिनिटांत टायर वाचा

१. आधी शब्द शोधा. टायरच्या बाजूवर 'रोटेशन' आणि बाण दिसला तर तो दिशेचा. 'आउटसाइड' किंवा 'इनसाइड' दिसलं तर आत-बाहेरचा. यातलं काहीच नसेल तर साधा. अक्षरं दिसत नसतील तर खडू घासा.

२. बाण चाकाच्या वरच्या भागात आणून बघा. तो गाडीच्या पुढच्या दिशेला हवा. गाडीच्या बाहेर उभं राहून बघितलं तर डावीकडची चाकं घड्याळाच्या उलट्या दिशेने आणि उजवीकडची घड्याळाच्या दिशेने फिरतात.

३. कारला दिशेचे टायर असतील तर गाडीसमोर उभं राहून टायर बघा, सरळ 'व्ही' दिसतो. मागून बघितलं तर घराच्या छपरासारखा उलटा 'व्ही'. गावाला ट्रॅक्टरच्या मागे अडकलात तर त्याच्या मोठ्या चाकांवरही हेच छप्पर दिसेल. ही फक्त खूण, शेवटचा शब्द बाणाचाच.

४. आत-बाहेरच्या टायरमध्ये चारही चाकांवर बाहेरून 'आउटसाइड' दिसायला हवं. नक्षी एका बाजूला पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे झुकलेली दिसली तर घाबरू नका.

५. टायर अदलाबदल करताना दिशेचे टायर फक्त त्याच बाजूला पुढचे मागे, मागचे पुढे. आत-बाहेरचे टायर, चारही एकाच मापाचे असतील तर, डावीकडून उजवीकडेही चालतात.

६. वय वाचा. बाजूवर चार आकडे असतात. २४२३ म्हणजे २०२३ मधला २४ वा आठवडा. बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा.

७. खाचांची खोली बघा. नियमाप्रमाणे कारसाठी ती किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

८. हवा थंड टायरमध्ये भरा. कारचा आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पाच जण आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघा.

९. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायर बसवताना मोबाइल खिशात ठेवा.